साइटवर येणारा फिरता दवाखाना – ४ स्टार, पाचवा का कापला ते वाचा

वर्षभर वापरून मग लिहितोय. मी टाइल्स-दगड कापतो, गाव सोडून आलेला माणूस, आज ह्या ठेकेदाराकडे उद्या त्या. दवाखाना तसा लांब नाहीये पण ओपीडी सकाळची, म्हणजे केसपेपर मग डॉक्टर मग एक्स-रेची लाइन, दिवस गेला, खाडा पडला, आणि दोन खाडे पडले की मुकादम दुसरा माणूस आणतो. म्हणून आम्ही सगळे मेडिकलवाल्यालाच विचारून गोळी घेणारे.

ही गाडी आठवड्यातून एकदा, काम सुटल्यावर संध्याकाळी गेटपाशी लागते. कागद मागत नाहीत. नाव, वय, आणि काम काय करता. हे शेवटचं विचारणारा डॉक्टर मला पहिल्यांदाच भेटला, आधी तीन ठिकाणी खोकल्याची बाटली देऊन पाठवलेलं. ह्यांनी विचारलं दगड कोरडाच कापता का पाणी सोडून, किती वर्षं. दगडाची बारीक धूळ फुफ्फुसात बसली की सिलिकोसिस होतो, तो बरा करणारं औषध नाही आणि वरून टीबीही लवकर धरतो. थुंकी तपासली, टीबी नाही निघाला, सुटलो. ब्लेडवर पाणी सोडा, नुसता रुमाल बांधून काही होत नाही, हेही सांगितलं. मास्क मात्र ठेकेदाराने द्यायचा म्हणे, आता त्याला सांगणार कोण!

स्टार कापला तो जोडीदारापायी. त्याला टीबी निघाला. साध्या टीबीचा कोर्स ६ महिन्यांचा, त्यात पहिले २ महिने ४ औषधं. दीड महिन्यात गडी खडखडीत दिसायला लागला आणि तेवढ्यात काम संपलं, टोळी दुसऱ्या साइटवर, तिकडे ही गाडी जात नाही. वहीत सगळं नीट लिहून दिलेलं पण नव्या दवाखान्यात वही बघून पण परत पहिल्यापासून तपासण्या, नऊ दिवस गोळ्या बंद. मधेच सोडलं तर जंतू औषधाला जुमानत नाहीत हे ह्यांनीच आम्हाला बजावलेलं, मग माणूस हलणार हे माहीत असताना पुढच्या ठिकाणी आधीच एक फोन करायला काय जात होतं? शेवटी सिस्टरना मी फोन लावला, त्यांनी दहा मिनिटांत करून दिलं. नंबर माझ्याकडे होता म्हणून झालं, त्याच्याकडे नव्हता.

जाणार असाल तर आधी घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत न्या, आणि साइट बदलायची असेल तर निघायच्या आदल्या आठवड्यातच सांगा.