‘बॅन होणार नाही’ म्हणून विकलेला माऊस

पुण्याच्या तपकीर गल्लीत गेमिंगचा माऊस घ्यायला जाणार असाल आणि दुकानातला कुणी म्हणाला, "सेटिंग भरून देऊ का? बॅन होणार नाही, ग्यारंटी आपली" (बॅन म्हणजे गेमवाल्यांनी खातं बंद करणं), तर सरळ दुसरं दुकान गाठा. माझा भाचा या ग्यारंटीला फसला.

माऊस अस्सल होता, सीलबंद. फसवणूक झाली ती वरच्या पंधराशे रुपयांत. त्या माणसाने माऊसच्याच मेमरीत ‘नो रिकॉइल’चा मॅक्रो, म्हणजे एका बटणावर आपोआप चालणारी हालचालींची मालिका, भरून दिला. गेममध्ये सलग गोळ्या झाडल्या की बंदूक वर उसळते. हा मॅक्रो बटण दाबून धरलेलं असेपर्यंत नेम आपोआप खाली ओढत राहतो. पोराला आयता नेम हवा होता हे खरंच, त्याबद्दल घरी त्याने भरपूर बोलणी खाल्ली. पण त्याला सांगितलं काय गेलं ते ऐका: "कॉम्प्युटरमध्ये काही टाकलंच नाही, तर गेम पकडणार काय? आणि बटणं कंपनीनेच दिलीत, म्हणजे चालतंच की."

ऐकायला पटतं, म्हणून तर खपतं. माऊस बनवणारी कंपनी वेगळी, गेमचे नियम करणारी वेगळी. बऱ्याच ऑनलाइन गेममध्ये हिशोब साधारण असा असतो: एक दाब, एक क्रिया. ग्रेनेडची कळ माऊसच्या बाजूच्या बटणावर घेतलीत तर सहसा कुणी हरकत घेत नाही. एका दाबात चार कामं झाली किंवा तुमच्याऐवजी यंत्राने नेम धरला, की ती लबाडी; मग मॅक्रो कॉम्प्युटरमध्ये असो की माऊसमध्ये. रेझरने २०२४ च्या जुलैत कीबोर्डमध्ये ‘स्नॅप टॅप’ आणलं, राजरोस जाहिरात करून; दोन उलट दिशांच्या कळा एकदम दाबल्या तरी ते शेवटची दाबलेलीच धरतं. ऑगस्टमध्ये व्हॉल्व्हने आपल्याच काउंटर-स्ट्राइक २ या गेमच्या अधिकृत सर्व्हरवर अशी मदत घेणाऱ्यांना सामन्यातून काढायला सुरुवात केली. बाहेरचं उपकरण पकडता येत नाही हेही खोटं. कंट्रोलरने खेळायच्या कन्सोलला अडॅप्टर लावून चोरून माऊस वापरणाऱ्यांसाठी युबिसॉफ्टने २०२३ मध्ये आपल्या रेनबो सिक्स सीज या गेममध्ये ‘माऊसट्रॅप’ आणलं; पकडलेल्याने केलेली हालचाल गेममध्ये मुद्दाम उशिरा उमटायची.

भाच्याचं खातं कायमचं बंद झालं, विकत घेतलेल्या स्किन्ससकट (गेममधली सजावट). आम्ही दुकानात गेलो तर उत्तर तयार: "वॉरंटी माऊसची असते दादा, गेमची नाही." बिलावर नुसता माऊस. पंधराशे रुपये यूपीआयने भलत्याच नावावर गेलेले, त्याची पावती नाही. मागूनही बिल न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. हे ऐकवल्यावर आवाज खाली आला, पैसे मात्र बाहेर आले नाहीत. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. व्हॉट्सॲपवरचा त्याचा "बिनधास्त खेळ, काही होत नाही" हा मेसेज तेवढा हाताशी आहे, कारण भाच्याला चॅट पुसायची सवय नाही.

असा भरलेला किंवा कुणाचा वापरलेला माऊस तुमच्याकडे असेल, तर कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर काढून भागणार नाही. दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडला तरी मॅक्रो त्यात तसाच राहतो. माऊस कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑनबोर्ड प्रोफाइल (माऊसच्याच मेमरीतल्या सेटिंग) उघडा, असतील नसतील ती सगळी पुसा, आणि मगच गेममध्ये लॉगिन करा.