टी६०च्या पोटात फ्रेमवर्कचा बोर्ड: आठ महिने वापरल्यावर

जुन्या थिंकपॅडच्या आवरणात नवा बोर्ड बसवून केलेल्या लॅपटॉपचं चार्जिंग आठव्या महिन्यात गेलं. सरळ बंद पडलं असतं तर परवडलं असतं. केबल जरा वर उचलून धरली की दिवा लागतो, हात काढला की विझतो, आणि लॅपटॉपवर काम करायचं म्हणजे एक हात कायम त्या पिनेवर. त्यामुळे या जोडणीचं कौतुक लिहायला घेतलं होतं ते जेमतेम सव्वाआठ मिलिमीटर रुंदीच्या एका पिनेभोवतीच फिरणार आहे. कौतुक येईल, पण नंतर.

जोडणी अशी: २००६ सालचा थिंकपॅड टी६०, १४.१ इंची ४:३ पडद्याचा, मूळ बोर्ड मेलेला. (चालू टी६० कापू नका, मेलेले भरपूर मिळतात.) आत फ्रेमवर्क १३ या सुटे भाग बदलता येणाऱ्या लॅपटॉपचा अकराव्या पिढीचा आय५ मदरबोर्ड, त्याचीच ५५ वॉट-तासांची बॅटरी, त्याचाच १३.५ इंची पडदा. कीबोर्ड टी६०चाच, मधे दुभाषा म्हणून रास्पबेरी पाय पिको हा छोटा मायक्रोकंट्रोलर. बोर्डाचे आराखडे कंपनीनेच खुले केले असल्यामुळे भोकांची मापं घ्यायला कर्कटक घेऊन बसावं लागत नाही. बोर्ड मूळ आवरणातून काढण्याआधी बायोसमध्ये जाऊन स्टँडअलोन ऑपरेशन (लॅपटॉपाबाहेर एकटा बोर्ड चालू देणारी सोय) चालू करून ठेवा.

आता पिनेकडे. बोर्डाच्या दोन्ही कडांना दोन-दोन यूएसबी-सी सॉकेटं आहेत. मूळ लॅपटॉपात त्यांच्यात एक्स्पान्शन कार्डं (हवं ते पोर्ट देणारे बदलते छोटे ठोकळे) बसतात आणि केबलला बाहेरून बसणारा हिसका कार्डाची खाच झेलते, बोर्डापर्यंत पोचत नाही. टी६०च्या आवरणात ती खाच नाही, म्हणून सगळे करतात तेच इथेही केलं: जुन्या पॉवर पिनेच्या जागी भिंतीत बसणारं यूएसबी-सी एक्स्टेन्शन. मुळात एका टोकाला पिन आणि दुसऱ्या टोकाला सॉकेट असलेली यूएसबी-सी एक्स्टेन्शन केबल यूएसबीच्या नियमावलीत बसतच नाही. म्हणून बाजारात मिळणारा प्रत्येक तुकडा ज्याच्या त्याच्या मर्जीने बनवलेला.

सर्वांत जास्त फसवणूक सीसीच्या तारेत होते, म्हणजे चार्जर आणि लॅपटॉप जिच्यावरून एकमेकांशी बोलतात त्या तारेत. सॉकेटला ए५ आणि बी५ असे दोन सीसी संपर्क असतात आणि पिन कुठल्या बाजूने खुपसली त्यावर त्यांतला कुठला कामाला लागणार ते ठरतं. स्वस्त एक्स्टेन्शनमध्ये त्यांतला एकच पुढे नेलेला असतो. मग पिन एका बाजूने लावली की चार्ज, उलटी लावली की काहीच नाही. मल्टीमीटर बीपवर ठेवून ए५ ते ए५ आणि बी५ ते बी५ दोन्ही तपासा, दोन्ही वाजले पाहिजेत. तपासायला दोन मिनिटं लागतात, आणि ती आवरण बंद करण्याआधीच घालवायची असतात. करंटची काळजी मात्र नको: २० व्होल्टला ३ अँपिअर म्हणजे ६० वॉट, एवढं या बोर्डाला पुरतं. ५ अँपिअरच्या वाटेला गेलात तर केबलमध्ये ई-मार्कर (केबल किती करंट सोसते ते सांगणारी) चिप लागते आणि एक्स्टेन्शनने त्यातही घोळ होतो.

इथे लावलेला तुकडा या चाचणीत पास झालेला होता, तरीही आठ महिन्यांनी हे झालं. पहिला संशय साहजिकच एक्स्टेन्शनवर. ते बदललं. तीन दिवसांनी पुन्हा तोच लपंडाव. आजार म्हशीला नि इंजेक्शन पखालीला, असा प्रकार.

खरा दोष बोर्डाखालच्या खांबांत होता. बोर्ड ज्या ट्रेवर बसतो तो थ्रीडी प्रिंटरवर पीएलए या प्लॅस्टिकमध्ये छापलेला. पीएलए साधारण ६० अंश सेल्सियसला मऊ पडतं, आणि स्क्रूचा दाब कायम असेल तर त्याच्या आधीच हळूहळू खचायला लागतं. हीटपाइपच्या बाजूचा खांब व्हर्नियरने मोजला तर ०.७ मिमीने बुटका झालेला. बाहेरचं सॉकेट भिंतीला घट्ट, आतली पिन बोर्डासोबत खाली गेलेली, आणि मधली केबल ६० मिमीची नि जाड. तिला वाकायला जागा नाही, म्हणून सगळा ताण सॉकेटातल्या जिभेवर. यूएसबी-सीचं सॉकेट १०,००० वेळा काढघाल सहन करेल असं बनवलेलं असतं, पण तिरक्या ताणात महिनोन्‌महिने अडकून पडण्यासाठी नाही. थोडक्यात, सहाव्या महिन्यात हाच अनुभव लिहिला असता तर ‘ट्रे पीएलएत छापला तरी चालतो’ असं बिनधास्त लिहिलं असतं. चालत नाही.

दुरुस्ती दोन भागांत. उष्ण बाजूचे तीन खांब छापायचेच नाहीत, पितळी एम२ स्टँडऑफ (स्क्रू बसणारे तयार खांब) थेट टी६०च्या मॅग्नेशियमच्या सांगाड्यावर दोन घटकांच्या इपॉक्सीने चिकटवायचे. आधी १२० नंबरच्या पॉलिशपेपरने जागा खरवडायची, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, मग बोर्ड वरून स्क्रूने अडकवूनच इपॉक्सी २४ तास सुकू द्यायचं, म्हणजे भोकं आपोआप जुळतात. बाकीचा ट्रे एबीएस प्लॅस्टिकमध्ये, तो १०० अंशांच्या आसपासपर्यंत टिकतो. पीईटीजी ८०च्या घरात मऊ पडतं, बॅटरीच्या बाजूला तेही पुरेल. सांगाडा कापताना ग्राइंडर लावू नका. मॅग्नेशियमचा कीस पेट घेतो आणि पेटला तर पाणी टाकून विझत नाही, उलट भडकतो. हाताने कानस, खाली कागद, शेजारी कोरडी वाळू. सांगाडा वीजवाहक आहे हेही विसरू नका: बोर्डाच्या खाली जिथे जिथे ३ मिमीपेक्षा कमी अंतर आहे तिथे कॅप्टॉन टेपचे (वीजरोधक, उष्णता सोसणाऱ्या) दोन थर हवेतच.

दुसरा भाग म्हणजे टी६०ची मूळ ७.९ मिमीची गोल पिन. सुरुवातीला ती परत वापरणं ही निव्वळ हौस वाटली होती. आता तीच योग्य वाटते. जुना चार्जर २० व्होल्टचा आणि यूएसबी-सी पीडीही (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे यूएसबी-सीची चार्जिंगची पद्धत) २० व्होल्ट देऊ शकतं, त्यामुळे दोन तारा जोडल्या की झालं असं वाटतं. तसं करू नका. यूएसबी-सीत आधी ५ व्होल्ट येतात, सीसीवर बोलणी होतात आणि मगच व्होल्टेज चढतं. बोलणी न करता २० व्होल्ट ढकलले तर बोर्ड जातो. म्हणून मधे पीडी सोर्सचं काम करणारा छोटा कन्व्हर्टर हवा, जुन्या गोल पिनेचा चार्जर यूएसबी-सी लॅपटॉपला लावण्यासाठी मिळतो तोच. बोर्डाला जोडण्याआधी त्यावर यूएसबी मीटर लावून बघा: काहीच जोडलेलं नसताना त्याच्या तोंडाशी २० व्होल्ट दिसले तर तो कचऱ्यात. त्याचं आवरण सोलून जुन्या गोल सॉकेटपासून २२ गेजच्या सिलिकॉन तारेने कन्व्हर्टरपर्यंत यायचं. वीस सेंटिमीटर लांबीला ३ अँपिअरवर जेमतेम ०.०६ व्होल्ट पडतात, नगण्य. हिसका आता गोल सॉकेट आणि आवरणाची भिंत खाते, आणि तारा लवचीक असल्याने बोर्ड कुठेही असला तरी पिनेवर ताण येत नाही.

एवढं झाल्यावर पडद्याबद्दल बोलता येईल, कारण या जोडणीतलं खरं सुख तिथे आहे. १४.१ इंची ४:३ पडद्याची रुंदी २८६.५ मिमी. १३.५ इंची ३:२ पडद्याची रुंदी २८५.३ मिमी. म्हणजे रुंदीत फरक सव्वा मिलिमीटरचा! आयता बसतो. उंचीत मात्र २४.७ मिमी कमी पडतो. पडदा मधोमध बसवला तर वर-खाली दोन काळ्या पट्ट्या येतात आणि फार विचित्र दिसतं. वर सरकवून सगळी पट्टी खाली घेतली की डोळ्याला खटकत नाही, उलट तिथे काळ्या अ‍ॅक्रिलिकची पट्टी लावून पडद्याच्या केबलची घडी लपवता येते. जुन्या पडद्यामागची दिव्याची सीसीएफएल ट्यूब, तिचा इन्व्हर्टर आणि चित्राची एलव्हीडीएस केबल सगळं निघतं, नवा पडदा ईडीपी या नव्या जोडणीवर चालतो. केबल बिजागरीतून नेताना कापडी टेप गुंडाळून बिजागरीच्या अक्षाभोवती एक सैल वेढा द्यावा, म्हणजे झाकण उघडताना तिला पीळ पडतो, घडी पडत नाही. आठ महिन्यांत एकदाही चमक किंवा रेघ नाही. २२५६ × १५०४ रिझोल्यूशनवर टी६०च्या झाकणात मजकूर वाचणं म्हणजे... असो.

कीबोर्ड. यासाठीच हा सगळा उपद्व्याप असल्याने त्याला जागा द्यायला हवी. टी६०च्या ४० पिनांच्या कनेक्टरवर १६ × ८ची मॅट्रिक्स (कळांच्या आडव्या-उभ्या तारांची जाळी), ट्रॅकपॉइंटची (माउसचं काम करणाऱ्या लाल टिकलीची) पीएस/२ क्लॉक, डेटा आणि रिसेट, शिवाय एफएन आणि पॉवर बटणाच्या तारा वेगळ्या. पिकोवर बाहेर काढलेल्या पिना २६. मॅट्रिक्सच्या २४ आणि पीएस/२च्या २ म्हणजे सगळ्या संपल्या, एफएनला जागा नाही. एक तर आय/ओ एक्स्पांडर (जास्तीच्या पिना देणारी चिप) घाला, नाहीतर पिकोपेक्षा जास्त पिना बाहेर काढलेला आरपी२०४०चा, म्हणजे पिकोच्याच चिपचा, बोर्ड आधीच घ्या. रिसेटला पिन द्यायची गरज नाही: ५ व्होल्टपासून २.२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि जमिनीकडे १०० किलोओहम, चालू होताना लागणारा झटका तेवढ्याने मिळतो. ट्रॅकपॉइंट ५ व्होल्टचा आणि पिको ३.३चा, म्हणून क्लॉक आणि डेटावर लेव्हल शिफ्टर. पिकोवर चालणाऱ्या क्यूएमके या कीबोर्डच्या फर्मवेअरमध्ये पीएस/२साठी क्लॉकची पिन डेटाच्या लगेच पुढच्या क्रमांकाची असावी लागते. ती नसेल तर कीबोर्ड चालतो नि लाल टिकली मेलेली राहते, आणि माणूस तासन्‌तास सोल्डरचे सांधे तपासत बसतो. मॅट्रिक्समध्ये डायोड नसल्याने काही ठराविक तीन कळा एकदम दाबल्या की चौथी भुताटकीने उमटते, त्यासाठी क्यूएमकेतला घोस्ट तपासणीचा पर्याय चालू करा. टायपिंगला काहीच फरक पडत नाही, खेळांत मात्र काही जोड्या अडतात.

वायफायमध्ये एकच खोच. टी६०च्या झाकणातल्या अँटेनांची टोपी (कनेक्टर) जुन्या मोठ्या मापाची आणि नव्या एम.२ कार्डांवर एमएचएफ४ची छोटी. बळजबरी केलीत तर कार्डावरची टोपी उखडते. अँटेना बदलाच, जुन्यांना ६ गिगाहर्ट्‌झचा पट्टाही माहीत नाही. त्या झाकणातच ठेवायच्या, मॅग्नेशियमच्या सांगाड्यात ठेवल्या तर सिग्नल आतल्या आत मरतो.

गरमीबाबत आवरणाच्या जाडीचा फायदा होतो, पण पंख्याच्या तोंडाभोवती फोमची कड लावली नाही तर बाहेर जाणारी गरम हवा तोच पंखा पुन्हा ओढतो. तळाला पंख्याखाली किमान ३ मिमी मोकळी जागा आणि जाळी हवी. बॅटरीच्या बाबतीत टी६०च्या जुन्या १०.८ व्होल्टच्या पॅकचा नादच सोडा, बोर्डाला त्याच्याशी बोलता येत नाही आणि १५.४ व्होल्टच्या बोर्डाला तो पुरतही नाही. फ्रेमवर्कचा पॅक अल्ट्राबे (सीडी ड्राइव्हचा कप्पा) काढून झालेल्या जागेत सपाट ठेवायचा, वर दीड मिलिमीटर फुगायला जागा, आणि त्या बाजूला खाली येणारा प्रत्येक स्क्रू आधी मोजून बघायचा. बॅटरीला भोक पाडायला एक लांब स्क्रू पुरतो.

दुरुस्तीनंतर सहा आठवडे झाले. गोल पिनेवर चार्जिंग एकदाही तुटलेलं नाही. खांबही पुन्हा मोजले, जागचे हललेले नाहीत. डाव्या बाजूला अजून एक यूएसबी-सी एक्स्टेन्शन ठेवलेलं आहे, माउस आणि पेनड्राइव्हसाठी. त्यावर ४के मॉनिटर लावला तर मधेच काळा पडतो, थेट बोर्डावर लावला तर पडत नाही. तेवढं ते एक्स्टेन्शन अजून काढलेलं नाही.