लेक ॲन्झा की लेक टेमेस्कल?
कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात मुलांना तळ्यात पोहायला न्यायचं तर माझं मत लेक ॲन्झालाच. बर्कलीच्या टेकड्यांत, टिल्डन पार्कात, वाइल्डकॅट ओढा अडवून केलेलं हे तळं. वाळूचा काठ उन्हात आणि वाऱ्यापासून आडोशाला. खाडीकडून गार वारा सुटला तरी पाण्यातून बाहेर आलेली मुलं फारशी कुडकुडत नाहीत.

ओकलंडचं टेमेस्कल शहराला लागून. मूळचं पिण्याच्या पाण्याचं धरण, १९३६ पासून सार्वजनिक उद्यान. पण हायवेचा आवाज कानांवर येत राहतो. शिवाय निळ्या-हिरव्या शेवाळामुळे पोहणं बंद पडतं. असं पाणी विषारी असू शकतं, कुत्र्यांना तर जीवघेणं. हा धोका ॲन्झालाही आहे, म्हणून निघण्याआधी पाण्याची सूचना वाचाच.

गळ टाकून बसायचं असेल तर मात्र टेमेस्कल.