छोट्या क्लबाच्या मागे अर्धा मोसम: पावसापासून नाताळपर्यंतचा अनुभव

यंदा पावसातच स्थानिक फुटबॉल सुरू झाला तेव्हा ठरवलं, की टीव्हीवरची आयएसएल (इंडियन सुपर लीग) आणि रात्री जागून बघायची इंग्लिश लीग थोडी बाजूला ठेवायची आणि उत्तर गोव्यातल्या एकाच छोट्या क्लबाच्या मागे जायचं. आता नाताळची सुट्टी लागलीय, सामने थांबलेत, म्हणून सवडीने लिहितोय. क्लबाचं नाव देत नाही. संघातली निम्मी पोरं अठरा-एकोणीस वर्षांची आहेत आणि त्यांच्या चुकांविषयीही खाली लिहिलंय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. फुटबॉल आतून समजून घ्यायचा असेल तर याच्याइतकं चांगलं मला आजवर काही मिळालेलं नाही. अट एकच, मैदानावर जायला हवं आणि तेही त्याच संघासाठी पुन्हा पुन्हा. मधलाच एखादा सामना बघून आलात तर बहुतेक कंटाळून परत याल.

सुरुवातीच्या सामन्यांत खेळाडूंपेक्षा जमिनीचंच राज्य असतं, हे टीव्हीवर कधी कळलं नव्हतं. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिमी पाऊस पडतो आणि मोसमाची सुरुवात त्याच्याच शेपटात सापडते. म्हापशाच्या धुळेर मैदानावर कृत्रिम टर्फ आहे. ते ओलं झालं की चेंडू थांबतच नाही. पास दिला की तो समोरच्याच्या पायाखालून निसटून थेट रेषेबाहेर. कोणी घसरून टॅकल केलं की पाण्याबरोबर काळे रबराचे दाणे उडतात, आणि सामना संपल्यावर पोरं बूट उलटे करून पायरीवर आपटतात तेव्हा त्यातून मूठभर दाणे पडतात. पुढचा सामना गवताच्या मैदानावर असला की सगळं उलट. गोलसमोरच्या तांबड्या चिखलात चेंडू रुततो. दहा मीटरचा पास सहा मीटरवरच थांबतो आणि समोरचा स्ट्रायकर त्याची वाटच बघत असतो.

आमच्या कोचला गोलीपासून (गोलकीपरपासून) छोटे पास देत चेंडू वर न्यायला आवडतं. २०१९ मध्ये नियम बदलला, तेव्हापासून गोलकिकचा चेंडू पेनल्टी बॉक्सबाहेर जायची वाट बघावी लागत नाही, सहकारी आतच तो घेऊ शकतो. टर्फवर हे छान जमायचं. चिखलात मात्र पहिल्याच अर्ध्या तासात गोल खाल्ला. मग एका सामन्यात बदल दिसला. मैदान जड असलं की गोली लांब मारणार, दोन्ही विंगर, म्हणजे कडेने धावणारे खेळाडू, आत सरकून त्या लांब किकनंतर सुटा पडणारा चेंडू उचलणार. टर्फ असलं की पुन्हा छोटे पास. बाहेरून बघणाऱ्याला हा संघ लहरी वाटेल, पण प्रत्येक आठवड्याला पाठोपाठ गेलं की त्यामागचा विचार दिसतो. उकाड्यात आणि चिखलात पाय जड होतात, म्हणून आता पाच बदली खेळाडू उतरवता येतात याचाही मोठा आधार. सत्तराव्या मिनिटाला ताजा विंगर आला की समोरच्या थकलेल्या बचावपटूची दमछाक स्पष्ट दिसते.

चवथीच्या आसपासचे दिवस कठीण गेले. अर्धी पोरं गावाकडे, घरोघरी गणपती, रात्री आरत्या आणि भजनं, सराव विस्कळीत. चवथीनंतरचा पहिला सामना अक्षरशः ओढत नेला. यात मला खेळाडूंना बोल लावावासा वाटला नाही. यातले बरेचजण सकाळी कामावर जातात, कोणी कॉलेजात, आणि त्यातून सराव करतात. उत्तर गोव्यातल्या संघाचा सप्टेंबर असाच जाणार, हे धरूनच त्याच्याकडून अपेक्षा ठेवावी.

आता ज्यासाठी मी खरं म्हणजे हे लिहायला घेतलं, तो आमचा लेफ्ट बॅक, डाव्या कडेचा बचावपटू. बारीक पोरगा, वेग भरपूर. सुरुवातीला त्याची एक खोड होती. मधल्या बचावपटूकडून पास आला की हा चेंडूकडे तोंड करून सरळ उभा राहायचा आणि उजव्या पायाने थांबवायचा. म्हणजे तोंड आपल्याच गोलकडे, पाठीमागे कोण आहे ते दिसत नाही, आणि समोरचा विंगर धावत आला की पळायला वाट नाही. नाइलाजाने पास मागे, नाहीतर थ्रो. रेलिंगला उभं राहिलं की कोचचा आवाज सतत येतो, "फाटीं पळय रे! फाटीं पळय!" म्हणजे "मागे बघ", कोकणीत, घसा फुटेपर्यंत. ऑक्टोबरमध्ये एका सामन्यात नेमकं तसंच झालं. विंगरने चेंडू काढून घेतला आणि गोल. पोरगा कमरेवर हात ठेवून खाली बघत राहिला. आमचा गोली बॉक्सबाहेर आला, त्याच्या मानेवर थाप मारली, काहीतरी बोलला, आणि खेळ पुन्हा सुरू झाल्यावर त्याच्या हातात चेंडू आला तो त्याने मुद्दाम ह्याच पोराला दिला. तो गोली वयाने मोठा आहे. असं काही हायलाइट्समध्ये येत नाही.

त्यानंतर प्रत्येक सामन्यात मी त्याच्याकडेच बघत होतो. आधी मान वळायला लागली. पास यायच्या आत एकदा मागे नजर. मग उभं राहायची पद्धत बदलली, पाठ साइडलाइनकडे, छाती मैदानाकडे. डिसेंबरात धुळेरला एका सामन्यात पास आला तो त्याने डाव्या पायावर घेतला, चेंडू पुढेच सरकला, धावत आलेला विंगर मागे राहिला आणि हा मोकळ्या जागेत सुटला. क्रॉस चांगला होता, आमच्या स्ट्रायकरने हेडर वरून घालवला. गोल झाला नाही तरी आमच्या बाजूची माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती, कारण ती सगळी सप्टेंबरपासून येत होती आणि काय झालं ते त्यांना कळलं होतं.

हे एफसी गोवा खेळतं त्या फातोर्डा स्टेडियमच्या वरच्या स्टँडवरून कळत नाही. आयएसएलमधल्या या संघाचे सामने मी आवडीने बघतो, पुढेही बघणार. पण तिथे खेळाडू बराचसा तयार होऊन आलेला असतो. इथे तो डोळ्यांसमोर तयार होतो.

काही सामने यूट्यूबवर थेट दिसतात, नोकरीमुळे मला त्यातले काही तसेच बघावे लागले. तो अनुभव अर्धाच आहे. एकच कॅमेरा चेंडूच्या मागे फिरतो, त्यामुळे चेंडू दुसऱ्या बाजूला असताना लेफ्ट बॅक काय करतो हे दिसत नाही, आणि शिकण्यासारखं नेमकं तेच असतं. एकदा काचेवर पावसाचे थेंब आले आणि नंतर चित्रच गेलं. सामने बहुतेक दुपारी चारच्या सुमारास असतात, म्हणून आठवड्याच्या मधे असले की नोकरदाराला जमत नाही. हा खरा अडथळा आहे. संध्याकाळी दिव्यांत जास्त सामने झाले तर प्रेक्षक वाढतील असं मला मनापासून वाटतं. पावसामुळे वेळ आणि मैदान ऐनवेळी बदलतं, तेव्हा निघण्याआधी क्लबातल्या कोणाला तरी फोन करावा. आता माझी तिथे ओळख झालीय. छोट्या क्लबात ती व्हायला वेळ लागत नाही.

छत्री नेऊ नका, मागच्यांना दिसत नाही, रेनकोट बरा. शक्यतो पहिल्या अर्ध्यात आपल्या लेफ्ट बॅकच्या बाजूला आणि दुसऱ्या अर्ध्यात समोरच्या कोपऱ्यात उभं राहावं. आम्हाला कुठे तिकीट काढावं लागलं नाही. सहाच्या आत सामना संपतो आणि तोवर म्हापशात गाड्यांवर रोस ऑम्लेट (रश्शातलं ऑम्लेट) सुरू झालेलं असतं. भिजून आल्यावर गरम रोस आणि पाव, यापुढे काही सुचत नाही.

माझी पुतणी सातवीत आहे, शाळेच्या संघात खेळते. तिला दोन-तीनदा नेलं. ती चेंडूपेक्षा गोलीकडेच बघत होती. परतताना अस्नोड्याला पोचेपर्यंत तेच. "काका, तो सगळा वेळ बोलतच असतो ना? लेफ्ट, मागे, वेळ आहे, असं. आमची गोली गप्प असते." पुढच्या सरावाला तिने आपल्या गोलीला बोलायला लावलं म्हणे. शाळेत खेळणारं मूल घरात असेल तर त्याला अशा सामन्याला जरूर न्या, मैदानातलं सगळं बोलणं ऐकू येतं.

बाबांना हे सांगितलं तर ते पणजीतल्या कांपालच्या बांदोडकर ट्रॉफीवर, त्यांच्या काळच्या फुटबॉल स्पर्धेवर, गेले आणि तिथून ब्रह्मानंद शंखवाळकरांवर. ताळगावचा हा गोली भारताचा कर्णधार झाला, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बाबांच्या मते तेही मागून सतत बोलायचे. त्या पिढीने भरलेली मैदानं बघितली. माझ्या पिढीने २०१६ बघितलं, डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब दी गोवा हे गोव्याचे क्लब एकदमच आय-लीग या देशपातळीवरच्या लीगमधून बाहेर पडले ते. पाच वेळा देशाचं विजेतेपद घेतलेला डेम्पो राज्याच्या लीगपुरता उरला. तेव्हा वाटलं होतं, संपलं. पण २०२३-२४ च्या एकाच मोसमात डेम्पोने आय-लीग ३ मधून आय-लीग २ आणि तिथून वर आय-लीगपर्यंतचं तिकीट मिळवलं. खालून वर जायची वाट बंद नाही हे तेव्हा दिसलं. आमचा क्लब त्या वाटेवर बराच खाली आहे. यंदा तो कुठे पोचेल याची मला घाई नाही, खालच्या विभागात घसरू नये एवढंच सध्या डोळ्यांसमोर आहे, आणि गुणांकडे बघता ते जमेल.

दुसरा टप्पा सुरू होईल तेव्हा पाऊस नसेल, मैदानं कोरडी असतील आणि छोट्या पासांचा आमचा खेळ खऱ्या अर्थाने तेव्हाच कळेल. लेफ्ट बॅकला तोवर समोरचे संघ ओळखायला लागलेले असतील, त्याच्यावर दोघे सोडतील. तो त्यातून कशी वाट काढतो हे मला बघायचंय. डिचोलीहून निघताना गाडीत जागा असते, कोणाला यायचं असेल तर सांगा.