एनएफ२७० मेम्ब्रेन: काम झकास, पण साबण कुठला ते आधी बघा

फिल्मटेक कंपनीचा एनएफ२७० हा नॅनोफिल्ट्रेशनचा, म्हणजे पाण्यातले क्षार अडवणारा पातळ पडदा (मेम्ब्रेन). लॅबमध्ये क्रॉसफ्लो सेलवर, म्हणजे पाणी पडद्यावरून वाहतं ठेवणाऱ्या चाचणीच्या उपकरणात, बरेच महिने वापरतोय, फ्लॅट शीट (सपाट तुकडा), म्हणून मनापासून लिहितो. जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्यासाठी मला हा फार आवडतो. डेटाशीटवर मॅग्नेशियम सल्फेटचं रिजेक्शन (किती अडवलं जातं ते) किमान ९७% दिलंय आणि तेही ४.८ बारला, म्हणजे एवढ्या कमी प्रेशरला पाणी भरपूर मिळतं. साधं मीठ मात्र बरंचसं पार जातं, ते पूर्ण काढायचं तर आरओच (रिव्हर्स ऑस्मोसिस) लागणार.

आता खरा मुद्दा, सर्फॅक्टंट, म्हणजे साबणासारखी रसायनं, ज्यांच्या रेणूला पाण्यात रमणारं डोकं आणि तेलकट शेपटी असते. मेम्ब्रेनची वरची कातडी म्हणजे पायपेराझिन आणि ट्रायमेसॉइल क्लोराइडपासून बनलेलं पॉलिअमाइड, १०० नॅनोमीटरच्याही आतलं, आणि साध्या पीएचला तिच्यावर निगेटिव्ह चार्ज असतो. क्षार अडतात ते नुसते छिद्र बारीक म्हणून नाही, या चार्जमुळे पण, आणि सल्फेट तर मुख्यतः त्यामुळेच मागे राहतं.

आमच्याकडे एकदा फीडची (मेम्ब्रेनला द्यायच्या पाण्याची) टाकी क्वाटवाल्या (क्वाटर्नरी अमोनियमवाल्या) डिसइन्फेक्टंटने धुतली गेली आणि नीट खंगाळली नाही. प्रेशर तेच, फ्लक्स (मेम्ब्रेनमधून पार होणाऱ्या पाण्याचा वेग) उतरत चाललेला, मी पंप तपासला, गेज तपासला, शेवटी नवीन तुकडा कापून लावला तर सगळं ठीक, तेव्हा कळलं. क्वाट हा कॅटायनिक (पॉझिटिव्ह चार्जवाला) सर्फॅक्टंट, त्याचं पॉझिटिव्ह डोकं जाऊन निगेटिव्ह पृष्ठभागाला घट्ट बसतं, शेपट्या बाहेर राहतात, वरचा भाग पाण्याला नकोसा होतो आणि चार्ज मारला गेल्यामुळे सल्फेटही जास्त गळायला लागतं. दिवसभर शुद्ध पाण्याने धुतला तरी पहिला फ्लक्स पूर्ण आला नाहीच. यात मेम्ब्रेनचा काही दोष नाही हे आवर्जून सांगतो. आणि अशा वेळी लगेच एसडीएसने (सोडियम डोडेसिल सल्फेट, एक नेहमीचा सर्फॅक्टंट) धुवायची घाई करू नका, दोन्ही एकमेकांना धरतात आणि चिकट गाळ होतो, उलट जास्त त्रास.

एसडीएस स्वतः अ‍ॅनायनिक, निगेटिव्ह, त्यामुळे ते कमी चिकटतं, थोडं शेपटीच्या बाजूने बसतंच पण चार्ज जास्त निगेटिव्ह करतं. म्हणून तर सौम्य कॉस्टिक सोड्याबरोबर ते क्लीनिंगला चालतं. नॉनआयनिकवाले (चार्ज नसलेले) मधले, फ्लक्स खातात पण चार्जला फारसं छेडत नाहीत.

एक गोष्ट लक्षात ठेवा, एसडीएसचे मायसेल (रेणूंचे एकत्र गोळे) शुद्ध पाण्यात साधारण ८ मिलिमोलरला बनतात, पण पाण्यात क्षार असले की बरेच आधी बनतात, आणि मेम्ब्रेनला लागून सांद्रता फीडपेक्षा जास्त असते, म्हणजे फीडमध्ये आकडा कमी दिसला तरी तिथे थर साचू शकतो.

गंमत म्हणजे हेच एसडीएस मेम्ब्रेन बनवताना पायपेराझिनच्या द्रावणात घातलं तर छिद्रं जास्त एकसारखी येतात, २०२० मध्ये यावर छान काम छापून आलंय.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. लेबलवर बेंझाल्कोनियम क्लोराइड (हाही क्वाटच) लिहिलेलं काहीही फीडच्या लाइनजवळ आणू नका, आणि टाकी धुतली की शेवटचं पाणी बाटलीत घेऊन जोरात हलवा, फेस टिकला तर परत धुवा.