गुगल कॅलेंडरचे अपॉइंटमेंट शेड्यूल : संत्र्याच्या पट्ट्यातला वर्षभराचा अनुभव

अमरावती जिल्ह्यातल्या वरुड-मोर्शीच्या संत्रा पट्ट्यात मी बागांचा सल्लागार म्हणून काम करतो. काही कास्तकार पानांची डहाळी, मुळांजवळची माती किंवा गळलेली फळे पिशवीत घालून माझ्या ओसरीवर येतात, तर काहींच्या बागेत मला स्वतः जावे लागते. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुललेल्या फळांची, गळ ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वाढली की फोन पहाटे साडेपाचलाच सुरू होतो. आपण तिघांना एकच सकाळ देऊन बसलो आहोत, हे मला तिघेही दारात उभे राहिल्यावरच कळत असे. या गोंधळाला कंटाळून गेल्या वर्षी मी गुगल कॅलेंडरमधील अपॉइंटमेंट शेड्यूल ही सुविधा वापरायला घेतली. ती चांगली आहे, पण ती ज्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून बनवली आहे तो आमच्या गावात राहत नाही, आणि पुढचे सगळे विवेचन तो माणूस आणि आमचा कास्तकार यांच्यातल्या अंतराविषयी आहे.

आधी सुविधेचे स्वरूप सांगतो. आपण आठवड्यातील कोणत्या वारी, किती ते किती वाजेपर्यंत मोकळे आहोत हे एकदा नोंदवायचे. ती वेळ दर आठवड्याला आपोआप पुन्हा येते आणि ठरवलेल्या लांबीच्या तुकड्यांत विभागून एका पानावर दिसते. त्या पानाची लिंक ज्याच्याकडे असेल तो रिकामी वेळ निवडून स्वतःचे नाव आणि ईमेल भरतो आणि भेट दोघांच्या कॅलेंडरवर जाते. वेळ घेणाऱ्याचे गुगल खाते असण्याची गरज नाही. कॅलेंडरमध्ये जुनी अपॉइंटमेंट स्लॉटची सोय होती, ती २०२४ मध्ये काढून तिची जागा या सुविधेला देण्यात आली. मोफत खात्यात असे एकच पान करता येते. कॅलेंडली या अशाच दुसऱ्या सेवेच्या मोफत योजनेतही भेटीचा एकच प्रकार मिळतो, त्यामुळे तिकडे जाऊन माझे काही साधले नसते.

मांडणी मी तालुक्याच्या ठिकाणी भाच्याच्या संगणकावर बसून केली. भेट अर्ध्या तासाची आणि दोन भेटींच्या मध्ये पंधरा मिनिटे मोकळी ठेवली. ही मधली मोकळीक मला या सुविधेतली सर्वांत मोलाची वाटते, कारण आमच्याकडे सल्ला संपला म्हणून भेट संपत नाही; चहा होतो, भावाची चौकशी होते, आणि उठता उठता खरा प्रश्न निघतो. डिंक्या रोगाने बुंध्याची साल सोललेली आहे ही गोष्ट अनेक जण चप्पल घालताना सांगतात. भेटीच्या किमान बारा तास आधी आणि फार तर दहा दिवस आधी वेळ घेता येईल अशी मर्यादा घातली, कारण त्याहून पुढचे नियोजन पावसाच्या दिवसांत कोणीच करत नाही. एका दिवसात किती भेटी घ्यायच्या याचीही कमाल संख्या ठरवता येते. एरवी मी ती सहा ठेवतो आणि फळगळीच्या दोन महिन्यांत दहा करतो. अशा बदलांनी आधी ठरलेल्या भेटींना धक्का लागत नाही, हे मी दोनदा पडताळून पाहिले आहे.

वेळा ठरवणे मात्र वाटले त्यापेक्षा अवघड गेले. सकाळी दहा ते पाच ही कचेरीची वेळ इथे निरुपयोगी आहे. कृषिपंपाची लाईन आळीपाळीने दिवसा आणि रात्री येते. ज्याची दिवसाची पाळी असेल तो त्या आठवड्यात ओलित सोडून येणार नाही, आणि रात्रभर पाणी दिलेला माणूस सकाळी झोपलेला असतो. बाजाराच्या दिवशी लोक गावात असतात, पण त्यांच्या डोक्यात बाजार असतो. शेवटी एसटीच्या फेऱ्या, लाईनच्या पाळ्या आणि बाजारवार समोर मांडून मी सकाळची एक आणि सायंकाळची एक अशा दोन खिडक्या ठेवल्या, आणि बाजारवारी फक्त दुपारची. एका वारी एकाहून अधिक वेळा देता येतात, म्हणून हे जमले.

बागेच्या भेटी या पानावर आणता आल्या नाहीत. शेंदूरजना घाटच्या बाजूची बाग पाहून परत यायला माझी अर्धी सकाळ जाते, आणि एकाच पानावर अर्ध्या तासाची ओसरीवरची भेट आणि अर्ध्या दिवसाची बागफेरी शेजारी शेजारी ठेवता येत नाही. सशुल्क योजनेत अनेक पाने करता येतात, पण केवळ तेवढ्यासाठी पैसे भरणे मला पटले नाही. त्याऐवजी बागफेरी मी हाताने कॅलेंडरवर लिहितो, आणि पान त्या वेळा आपोआप लपवते. ही जोडणी विश्वासाची आहे. नोंद करायला विसरलो तर तो दोष माझा, आणि तसा मी विसरलोही आहे.

पोळ्याला झालेली फजिती मात्र सांगायला हवी. पोळा आणि दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा हे दोन्ही दिवस मी पूर्ण दिवसाच्या नोंदी म्हणून कॅलेंडरवर लिहिले आणि निश्चिंत झालो. पूर्ण दिवसाची नोंद केली की गुगल कॅलेंडर तुम्हाला मोकळेच समजते. ती नोंद उघडून स्वतः ‘व्यस्त’ असे करावे लागते. हे मी वाचले नव्हते, त्यामुळे बैलांना बाशिंग बांधायच्या वेळी दोन पाहुणे पिशव्या घेऊन हजर झाले. त्यांना पुरणपोळी खाऊ घातली आणि त्यांची पानेही तपासली. तेव्हापासून मी सणांसाठी शेड्यूलमधली ठरावीक तारखांची उपलब्धता बदलण्याची सोय वापरतो.

आता ईमेलविषयी, कारण सगळी अडचण तिथे येऊन थांबते. वेळ घ्यायला ईमेल भरावाच लागतो, आणि पुष्टी, बदल व रद्द करण्याची लिंक त्याच पत्त्यावर जाते. पहिल्याच आठवड्यात एका वयस्कर कास्तकाराने मला विचारले, “मले इमेल कायले पायजे, भाऊ? मी फोन लावतो न!” त्यांचे म्हणणे खोडून काढण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते. प्रत्यक्षात वेळ घेतात ती दुसरीच माणसे : पुण्यात नोकरी करणारा मुलगा, बारावीतली नात, किंवा ज्याच्या भिंतीवर मी लिंकचा क्यूआर कोड चिकटवला आहे तो कृषी सेवा केंद्राचा मालक. परिणामी एका सोमवारी माझ्या कॅलेंडरवर एकाच नावाच्या चार भेटी दिसल्या, आणि त्या चौघांपैकी एकही त्या नावाचा नव्हता. दुकानदाराने प्रत्येकासाठी स्वतःचेच नाव आणि स्वतःचाच ईमेल भरला होता. भेट पुढे ढकलली तर सूचना दुकानात पोहोचते आणि कास्तकार माझ्या दारात.

यावर उपाय म्हणून अर्जात मी मोबाईल क्रमांक सक्तीचा केला आणि स्वतःचे दोन प्रश्न वाढवले : बाग कोणाची व कोणत्या गावची, आणि झाडे किती वर्षांची. अर्जात असे प्रश्न वाढवता येणे ही फार उपयोगाची गोष्ट ठरली, कारण पिशवी उघडण्याआधीच मला निम्मी माहिती मिळते. चार वर्षांच्या झाडाची फळगळ आणि पंधरा वर्षांच्या झाडाची फळगळ यांचे बोलणे वेगवेगळे असते.

आठवण करून देणारे ईमेल आपोआप पाठवण्याची सोय सशुल्क योजनेत आहे, पण न उघडल्या जाणाऱ्या पेटीत आणखी एक पत्र टाकून काय होणार? मी रोज सायंकाळी दुसऱ्या दिवशीच्या सगळ्यांना स्वतः व्हॉट्सॲपवर निरोप पाठवतो आणि त्याला दहा मिनिटे लागतात. वेळ घेतानाच पैसे भरून घेण्याची सोयही सशुल्कच आहे आणि ती स्ट्राइप या ऑनलाइन पैसे घेण्याच्या सेवेमार्फत चालते. जिथे चहाच्या टपरीवरही यूपीआय चालते तिथे तिचा मला उपयोग नाही.

एवढ्या तक्रारींनंतरही मी हे पान बंद केलेले नाही, कारण एका वेळेला दोन माणसे येणे जवळजवळ थांबले आहे आणि पहाटेचे फोन कमी झाले आहेत. ज्याचे ग्राहक शिक्षक, बँकेचे कर्मचारी किंवा महाविद्यालयीन मुले असतील, त्याने ही सुविधा निःशंक घ्यावी. कास्तकारांसोबत काम करणाऱ्याने घेतली तर निम्म्या वेळा स्वतःच भरायच्या आहेत हे धरून चालावे. मी तसेच करतो : फोन आला की, “काकाजी, गुरुवारी सकाळी की सायंकाळी?” असे विचारतो, आणि ते लाईनचा हिशेब करेपर्यंत मोबाईलवर माझेच पान परक्या माणसासारखे उघडून त्यांचे नाव, त्यांचा क्रमांक आणि माझा स्वतःचा दुसरा ईमेल भरून टाकतो.

मागच्या आठवड्यात कृषी सेवा केंद्रात गेलो तेव्हा भिंतीवरचा क्यूआर कोडचा कागद जागेवरच होता. त्याच्याखाली दुकानदाराने जाड निळ्या पेनाने माझा मोबाईल नंबर लिहून ठेवला होता.