एसीई-सीपीटी: पर्सनल ट्रेनरला हे प्रमाणपत्र हवंच का?

भारतात पर्सनल ट्रेनर व्हायला सरकारी परवाना लागत नाही. फिजिओथेरपिस्ट आणि आहारतज्ज्ञ २०२१ च्या राष्ट्रीय कायद्याखाली आले, पण जिममध्ये तुमच्या खांद्यावर ६० किलोचा बार ठेवणारा माणूस कुठल्याच कायद्याच्या चौकटीत बसत नाही. ‘सर्टिफाइड ट्रेनर’ हे शब्द टी-शर्टवर कुणीही छापून घेऊ शकतो. आमचं मत आधीच सांगतो. प्रमाणपत्र हवंच, पण ते परीक्षा देऊन मिळवलेलं हवं. आणि चांगलं प्रमाणपत्र असलेला ट्रेनरसुद्धा हाताखाली शिकलेला नसेल तर अर्धाच तयार असतो.

मुंबई-पुण्याच्या मोठ्या जिममध्ये सर्रास ऐकू येणाऱ्या परदेशी प्रमाणपत्रांपैकी एसीई-सीपीटी (सीपीटी म्हणजे सर्टिफाइड पर्सनल ट्रेनर) हे एक. अमेरिकन काउन्सिल ऑन एक्सरसाइज ही १९८५ साली स्थापन झालेली संस्था ते देते. वय १८ पूर्ण हवं आणि सीपीआर-एईडीचं, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छातीवर दाब देण्याचं आणि विजेचा झटका देणारं यंत्र वापरण्याचं, चालू प्रमाणपत्र हवं. ते सीपीआरही नुसता व्हिडिओ बघून मिळालेलं चालत नाही, पुतळ्यावर प्रत्यक्ष करून दाखवावं लागतं. परीक्षा संगणकावर होते: १५० बहुपर्यायी प्रश्न, ३ तास, २०० ते ८०० च्या मोजपट्टीवर ५०० ला उत्तीर्ण. पुस्तक उघडायची मुभा नाही आणि पर्यवेक्षकाची नजर सतत असते. १५० पैकी २५ प्रश्न फक्त चाचणीसाठी घातलेले असतात आणि त्यांचे गुण धरत नाहीत. मात्र ते कुठले हे कळत नसल्यामुळे एकही प्रश्न सोडून चालत नाही.

या प्रमाणपत्राचा खरा आधार म्हणजे एनसीसीए या प्रमाणपत्र-परीक्षा तपासणाऱ्या अमेरिकन मंडळाची मान्यता. एनसीसीए परीक्षा कशी घेतली जाते ते तपासते: प्रश्न कोण काढतं, उत्तीर्ण होण्याची रेषा कशी ठरते, शिकवणारा आणि पास करणारा वेगळे आहेत का. एसीई, एनएएसएम, एनएससीए आणि एसीएसएम या चार अमेरिकन संस्थांच्या पर्सनल ट्रेनर परीक्षांना ती मान्यता आहे. आपल्याकडच्या बऱ्याच खाजगी संस्थांमध्ये फी घेणारा, शिकवणारा आणि पास करणारा एकच असतो. त्यातल्या काही उत्तम शिकवतातही. पण कोर्सला हजर राहिल्याचा कागद वेगळा आणि बाहेरच्या कुणीतरी कसोटी घेऊन दिलेला कागद वेगळा. भिंतीवर दोन्ही एकाच फ्रेममध्ये लागतात, म्हणून गिऱ्हाइकाची फसगत होते.

अभ्यासक्रमातला सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे व्यायाम सुरू करण्याआधीची चौकशी. पार-क्यू प्लस या अर्जाच्या पहिल्या पानावर सात प्रश्न असतात: हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब, छातीत दुखणं, चक्कर किंवा शुद्ध हरपणं, इतर जुनाट आजार, चालू औषधं, हाडं-सांधे, आणि डॉक्टरांनी देखरेखीखालीच व्यायाम करायला सांगितलंय का. एकाचंही उत्तर ‘हो’ आलं की पुढची पानं भरायची आणि गरज पडली तर डॉक्टरांकडे पाठवायचं. पाच मिनिटांचं काम आहे, पण न शिकलेला ट्रेनर नेमकं हेच टाळतो, कारण पॅकेज विकताना प्रश्न विचारणं अडचणीचं वाटतं.

त्या उत्तरांचं पुढे काय करायचं, हे कळायलाही शिक्षण लागतं. ५० वर्षांचे गृहस्थ रक्तदाबासाठी मेटोप्रोलोल किंवा अटेनोलॉल घेतात. ट्रेनर २२० वजा वय करून १७० आकडा काढतो आणि ट्रेडमिलवर १३० ते १४० ठोक्यांचं लक्ष्य देतो. ही औषधं नाडी दाबून ठेवतात. ठोके ११० च्या पुढे सरकत नाहीत म्हणून ट्रेनर वेग वाढवत जातो आणि माणूस दमछाकीच्या टोकाला पोहोचतो. अशा वेळी नाडी बाजूला ठेवून श्रम किती वाटताहेत ते १० पैकी अंकात विचारायचं असतं. मुळात २२० वजा वय या सूत्रातच १० ते १२ ठोक्यांची चूक सहज निघते. २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करण्याचं सूत्र थोडं बरं, पण औषधापुढे तेही निरुपयोगी.

मधुमेहाचं तसंच. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याची साखर व्यायामाआधी ९० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर आधी साधारण १५ ग्रॅम कर्बोदक पोटात जायला हवं. मध्यम आकाराचं अर्धं केळं किंवा तीन चमचे साखरेचं पाणी पुरतं. सकाळी उपाशीपोटी चरबी लवकर जळते असं सांगून अशा माणसाला कार्डिओ करायला लावणं धोक्याचं आहे. हात थरथरणं, घाम आणि गोंधळलेलं बोलणं दिसलं की व्यायाम तिथेच थांबवायचा.

एसीईची स्वतःची पद्धत टॉक टेस्टवर उभी आहे आणि ती आम्हाला मनापासून आवडते. चालता-धावताना पूर्ण वाक्यं आरामात बोलता येतात तो पहिला टप्पा. बोलता येतं पण सलग बोलणं जड जातं तो दुसरा. दोन-तीन शब्दांच्या पुढे दम पुरत नाही तो तिसरा. नवशिक्याला पहिले काही आठवडे पहिल्याच टप्प्यात ठेवायचं. घड्याळ, पट्टा, काहीच लागत नाही आणि औषधांमुळे फसगत होत नाही. बैठ्या माणसासाठी याहून स्वस्त आणि भरवशाचं साधन नाही.

उणी बाजूही मोठी आहे. १५० प्रश्नांची परीक्षा डोकं तपासते, हात तपासत नाही. एकदाही कुणाला बेंच प्रेस करताना सांभाळलेलं नसताना एसीई-सीपीटी मिळवता येतं. बेंचवर स्पॉट, म्हणजे सांभाळायला आधार, देताना बार गिऱ्हाइकाच्या हातांच्या आतल्या बाजूने, एक तळवा वर आणि एक खाली असा धरायचा. डंबेल प्रेसमध्ये आधार मनगटाजवळ द्यायचा. कोपराला आधार दिला तर हात मिटून डंबेल थेट चेहऱ्यावर येऊ शकतो. जिममध्ये मात्र दहापैकी सात-आठ वेळा कोपरच धरलेलं दिसतं. डेडलिफ्टला स्पॉट द्यायचाच नसतो. नाही जमलं तर बार खाली सोडायचा. या गोष्टी पुस्तकात आहेत, पण पुस्तकातून हातात उतरत नाहीत. निदान तीन महिने अनुभवी ट्रेनरच्या मागे उभं राहून, मग त्याच्या नजरेखाली, असं शिकावं लागतं. तालमीत वस्तादाच्या हाताखाली पोरं घडतात ती याच रीतीने, आणि प्रमाणपत्र आल्यानंतरही ही रीत सोडण्याचं कारण नाही.

दुसरी अडचण भाषेची. परीक्षा मराठीत किंवा हिंदीत नाही. सांगली-कोल्हापूरकडची, लहानपणापासून जोर-बैठका मारलेली, शरीराची उत्तम जाण असलेली मुलं इंग्रजी प्रश्नात अडकतात. त्यांनी हालचालीपासून शब्दाकडे जावं. दंडाच्या व्यायामात वजन हळू खाली सोडताना स्नायू ताणात असूनही लांबत जातो, ते इसेंट्रिक. उचलताना आखूड होतो, ते कॉन्सेंट्रिक. अशी ३०० ते ४०० शब्दांची वही स्वतःच्या हाताने केली की निम्मा डोंगर सर होतो. रोज दीड तास धरला तर चार महिने पुरतात. फी डॉलरमध्ये आहे आणि नापास झाल्यास फेरपरीक्षेचे पैसे वेगळे, त्यामुळे सराव-परीक्षेत सातत्याने ८० टक्के येईपर्यंत तारीख घेऊ नये.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. एनएससीएच्या परीक्षेत चित्रं-व्हिडिओ बघून चूक ओळखायचे प्रश्न असतात, त्यामुळे हालचाल पारखणाऱ्याला ती जास्त न्याय देते. त्याच संस्थेच्या सीएससीएसला पदवी लागते. ते खेळाडूंबरोबर काम करणाऱ्यांसाठी आहे, वजन कमी करायला आलेल्या गिऱ्हाइकासाठी त्याची गरज नाही. एसीएसएमचा भर आजार असलेल्यांवर, आणि रुग्णालयाशी जोडलेल्या केंद्रात काम करायचं असेल तर पहिली पसंती तीच. आपल्याकडे क्रीडा-फिटनेस क्षेत्राच्या स्किल कौन्सिलची फिटनेस ट्रेनरची पात्रता आहे. ती स्वस्त आणि सुरुवातीला पुरेशी आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात किंवा पुण्याच्या आगाशे महाविद्यालयात बीपीएड (शारीरिक शिक्षणाची पदवी) केलेल्याचा शरीरशास्त्राचा पाया आठवड्याच्या कोर्सवाल्यापेक्षा कितीतरी पक्का असतो. त्याला प्रौढ, आजारी आणि स्थूल गिऱ्हाइकासाठीचं प्रशिक्षण तेवढं जोडून घ्यावं लागतं. ‘एनआयएस केलंय’ (एनआयएस म्हणजे पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था) असं कुणी सांगितलं तर कुठल्या खेळात आणि किती दिवसांचं ते विचारा. तिथला डिप्लोमा विशिष्ट खेळाच्या प्रशिक्षणाचा असतो आणि सहा आठवड्यांचा कोर्सही त्याच नावाने सांगितला जातो.

कागदावरच्या शिक्क्यांना भुलू नका. आयएसओ ९००१ म्हणजे संस्थेच्या कारभाराची पद्धत ठरलेली आहे, एवढंच. शिकवतात ते बरोबर आहे की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. एमएसएमई नोंदणी तर कुठल्याही छोट्या धंद्याला मिळते. पाहायच्या गोष्टी वेगळ्या आहेत: प्रमाणपत्रावर मुदत संपण्याची तारीख आहे का, क्रमांक किंवा नाव देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर सापडतं का, आणि सोबत सीपीआरचं वेगळं कार्ड आहे का. एसीईचं नाव सांगणाऱ्याची नोंद एसीईच्या संकेतस्थळावर दोन मिनिटांत तपासता येते. तपासलेलं कुणाला अपमानास्पद वाटत असेल तर पॅकेज घेऊ नका.

१२ किंवा २४ सत्रांचे पैसे एकदम भरण्याआधी एक चाचणी सत्र मागा. चांगला ट्रेनर पहिली १५ मिनिटं विचारण्यात आणि हालचाल बघण्यात घालवतो: खुर्चीवरून उठणं-बसणं, एका पायावर तोल, ढकलणं, ओढणं, कंबरेतून वळणं. मग हलक्या वजनाने दोन-तीन व्यायाम देतो आणि आणखी तीन-चार वेळा जमलं असतं अशा ठिकाणी थांबवतो. वहीत किंवा ॲपमध्ये वजन, सेट, रेप्स (एका सेटमध्ये किती वेळा केलं) लिहितो. पहिल्या दिवशी घाम काढून दाखवायचा म्हणून २०० बैठका मारायला लावणाऱ्यापासून दूर राहा. सवय नसलेल्या स्नायूंवर एकदम एवढा ताण आला तर दोन-तीन दिवस दुखणं हे ठीकच, पण लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, मांड्या सुजून कडक झाल्या तर तो स्नायू विरघळण्याचा प्रकार असू शकतो. स्नायूतलं द्रव्य मूत्रपिंडात अडकतं. घरी थांबू नका, त्याच दिवशी रुग्णालयात जा.

वजन वाढवण्याची रीतही विचारून पाहा. शेवटच्या सेटमध्ये ठरल्यापेक्षा दोन रेप्स जास्त जमल्या आणि पुढच्या सत्रातही तसंच झालं, तरच वजन वाढवायचं. नवशिक्याला हातांच्या व्यायामात १ ते २ किलो आणि पायांना २ ते ४ किलो एवढंच. पुष्कळ जिममध्ये सगळ्यात लहान प्लेट २.५ किलोची असते. दोन्ही बाजूंना लावली की एकदम ५ किलो, म्हणजे २० किलोच्या बेंचवर थेट २५ टक्के वाढ. खांदे दुखायला लागतात ते बहुधा इथे. १.२५ च्या प्लेट नसतील तर जाणता ट्रेनर आधी रेप्स वाढवतो किंवा डंबेलकडे वळतो.

प्रमाणपत्र ट्रेनरला मर्यादाही शिकवतं, आणि ती पाळतो का ते बघा. सर्वसाधारण आहाराबद्दल त्याने बोलावं, पण मूत्रपिंडाच्या रुग्णाला प्रथिनांचा आकडा देणं त्याचं काम नाही. गुडघ्याच्या दुखण्याचं निदान तर अजिबात नाही. औषधांच्या बाबतीत कुठलीही सूट देऊ नका. मेफेंटरमाइन हे भूल देताना घसरलेला रक्तदाब वर आणण्यासाठी वापरायचं इंजेक्शन. ते जिममध्ये ताकदीच्या नावाखाली विकल्याची प्रकरणं महाराष्ट्रात पोलिस आणि एफडीएच्या कारवाईत उघड झाली आहेत. सुई, स्टेरॉइड किंवा नाव नसलेली गोळी पुढे करणाऱ्याच्या भिंतीवर कितीही प्रमाणपत्रं असोत, त्याच्याकडून एकही सत्र घेऊ नका. पैसे दिले असतील तर पावती आणि मेसेज जपून ठेवा. सेवेतल्या त्रुटीसाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते.

एसीई दर दोन वर्षांनी नूतनीकरण मागते: २० तासांचं नवं शिक्षण आणि चालू सीपीआर. हे लोक कंटाळून सोडून देतात आणि कागद मात्र भिंतीवर राहतो. म्हणून ट्रेनरला दोन तारखा विचारा, प्रमाणपत्राची आणि सीपीआर कार्डाची. मग जिममध्ये एईडी कुठे ठेवलाय तेही विचारा. कोसळलेल्या माणसाच्या छातीवर ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० दाब द्यायचे असतात, ३० दाबांनंतर २ श्वास, आणि यंत्र येईपर्यंत थांबायचं नसतं. बऱ्याच जिममध्ये हे यंत्रच नाही. निदान जवळच्या रुग्णालयाचा नंबर काउंटरवर लिहिलेला आहे का आणि १०८ ला फोन कोण करणार हे ठरलेलं आहे का, एवढं पाहून मगच पैसे भरा.